न झालेले गोल कोण मोजणार?



आजचा विषय आहे आइस हॉकीतला बचाव. प्रश्न साधा आहे. एखादा खेळाडू बचावात चांगला आहे हे ठरवायचं कशावरून? सामना बघून, की आकडे बघून? उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगमध्ये यावरून गेली वीसेक वर्षं वाद चालू आहे. एका बाजूला माजी खेळाडू, प्रशिक्षक, जुने पत्रकार. त्यांचं म्हणणं, आमची हयात रिंकवर गेली, आम्हाला दिसतं. दुसऱ्या बाजूला आकडेवाले. ते म्हणतात, तुम्हाला दिसतं ते खरं कशावरून?

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, असं म्हणून हात झटकता येतात. पण त्यानं काही कळत नाही. आज मला दोन्ही बाजू नेमक्या कुठे घसरतात ते दाखवायचं आहे, आणि शेवटी असं म्हणायचं आहे की हा वाद मुळात चुकीच्या जागी मांडला गेलाय.

टोरांटोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हा खेळ माहीत आहे. बाकीच्यांसाठी दोन मिनिटं. बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. त्यावर दोन निळ्या रेषा, त्यामुळे मैदानाचे तीन भाग पडतात: आपला, मधला आणि त्यांचा. प्रत्येक संघाचे सहा जण: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे खेळाडू. चेंडूऐवजी रबराची चकती, म्हणजे पक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो, बाहेर येऊन बसतो, दुसरा आत जातो. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समोरचा खेळाडू पक घेऊन वेगात येतोय. आपला बचावपटू उलटं स्केटिंग करत मागे सरकतोय, पण दोघांतलं अंतर त्यानं वाढू दिलेलं नाही. काठी बरोबर मधल्या वाटेवर धरली आहे. निळ्या रेषेपाशी येईपर्यंत समोरच्याला कळतं की आत घुसायला जागा नाही. तो पक नुसता आत लोटून देतो आणि बाहेर निघून जातो. आपला दुसरा बचावपटू जाऊन तो उचलतो. संपलं. टाळ्या नाहीत, धक्का नाही, शॉट नाही. अधिकृत नोंदीत या कामगिरीसाठी रकाना नाही, आणि टीव्हीवर तोवर कॅमेरा पकच्या मागे गेलेला असतो.

दुसरा प्रसंग. तोच हल्ला, पण हा बचावपटू घाबरून मागे मागे जातो. समोरचा आरामात आत येतो, जागा घेतो, शॉट मारतो. आता आपला गडी धाडकन आडवा पडतो आणि शॉट अंगावर घेतो. प्रेक्षक उभे राहतात. समालोचक म्हणतो, काय शूर खेळाडू आहे! आणि नोंदवहीत त्याच्या नावावर एक अडवलेला शॉट जमा होतो.

बचाव मोजताना अडचण येते ती इथे. चांगला बचाव म्हणजे बऱ्याचदा काहीच न घडणं. आणि न घडलेलं ना डोळ्याला सहज दिसतं, ना वहीत चढतं. म्हणजे डोळा आणि आकडा दोघेही एकाच ठिकाणी आंधळे आहेत. भांडण मात्र असं चालतं, जणू एकाला सगळं दिसतंय आणि दुसऱ्याला काहीच नाही.

आता एक खरं प्रकरण घेऊ. रॉड लँगवे. १९८२ साली मॉन्ट्रियल संघानं हा बचावपटू वॉशिंग्टन कॅपिटल्सला दिला. वॉशिंग्टनचा संघ १९७४ पासून लीगमध्ये होता आणि तोवर एकदाही बाद फेरीत पोचला नव्हता. लँगवे आला आणि १९८३ च्या वसंतात संघ पहिल्यांदा बाद फेरीत गेला. लँगवेला त्या मोसमाचा नॉरिस चषक मिळाला, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान. त्या वर्षी त्याचे गोल होते तीन. पुढच्या वर्षी पुन्हा नॉरिस त्यालाच. गोल आणि असिस्ट मिळून त्याचे गुण ३३. त्याच मोसमात एडमंटनच्या पॉल कॉफीचे गुण होते १२६. कॉफी हासुद्धा बचावपटूच. ३३ वाला जिंकला, १२६ वाला हरला.

डोळ्याच्या बाजूचे लोक हे उदाहरण फार अभिमानानं देतात. बघा, म्हणतात, तेव्हाच्या पत्रकारांना कळत होतं की बचावपटूचं पहिलं काम बचाव. मला त्या मतदानाचं कौतुक आहे. पण प्रश्न विचारायलाच हवा: लँगवेचा बचाव किती मोलाचा होता, हे त्यांना कशावरून कळलं? उत्तर येतं, संघाचे गोल खाणं कमी झालं. ते खरंच आहे. १९८३-८४ मध्ये लीगमध्ये सर्वांत कमी गोल वॉशिंग्टननं खाल्ले. त्यासाठी असलेला विल्यम जेनिंग्ज चषक त्यांच्या अल जेन्सन आणि पॅट रिगिन या दोन गोलरक्षकांना मिळाला.

मग श्रेय कुणाचं? गोलरक्षकांचं? लँगवेबरोबर त्याच अदलाबदलीत डग जार्व्हिस नावाचा आघाडीचा खेळाडू आला होता. त्याला १९८४ चा सेल्की चषक मिळाला, म्हणजे बचावात सर्वोत्तम ठरलेल्या फॉरवर्डचा मान. त्याच अदलाबदलीत ब्रायन एंगब्लम हा आणखी एक चांगला बचावपटू आला. आणि १९८२ च्याच मोसमात अठरा वर्षांचा स्कॉट स्टीव्हन्स या संघात पहिल्यांदा खेळायला उतरला, जो पुढे त्या काळातला सर्वांत दरारा असलेला बचावपटू झाला. एवढी माणसं एकदम आली. संघ सुधारला. आणि श्रेयाचा मोठा वाटा कर्णधार लँगवेच्या नावावर गेला.

लँगवेचा वाटा मोठा नव्हता, असं मी म्हणत नाही. बहुधा होता. त्याच्याविरुद्ध खेळलेले लोक तसंच सांगत आले आहेत. पण 'आम्ही बघितलं' या दाव्याच्या पोटात एक आकडाच लपलेला होता: संघानं खाल्लेले गोल. डोळ्यानं त्या आकड्याला एक चेहरा दिला, इतकंच. आपण बघतो आणि मग ठरवतो, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा आपण निकाल आधी बघतो आणि मग त्याला शोभेल असा नायक शोधतो.

डोळ्याची दुसरी अडचण साधी मोजमापाची आहे. आज लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येकी ८२ सामने धरले, तर मोसमात १,३१२ सामने होतात. कुठलाही मतदार त्यातले किती बघणार? आपल्या शहरातल्या संघाचे सगळे, बाकीच्यांचे दोन-चार. त्यात डोळा पकच्या मागे धावतो. आणि स्मरणात राहतात ते धक्के. स्टीव्हन्सचंच घ्या. त्यानं २००० साली एरिक लिंड्रॉसला दिलेला धक्का आजही लोकांना आठवतो. पण तो धक्का पुन्हा बसू नये म्हणून समोरच्यांनी मधली वाट किती वेळा सोडली, हे कुणाला आठवणार? आणि आठवणार तरी कसं?

ठीक. डोळ्याची झाडाझडती झाली. आता आकड्यांकडे वळू.

सर्वांत जुना आकडा म्हणजे प्लस-मायनस. एनएचएल तो १९६७-६८ पासून अधिकृतपणे ठेवते. तुम्ही मैदानावर असताना तुमच्या संघानं गोल केला तर तुम्हाला अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पॉवर प्लेमधले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना केलेले गोल यात धरत नाहीत. बॉबी ऑरनं १९७०-७१ मध्ये अधिक १२४ केले, तो विक्रम अजून कायम आहे. इतका महान खेळाडू यादीत सर्वांत वर दिसतो, म्हणून मापही बरोबर असणार, असं वाटतं. पण कुठलंही माप हिमालय उंच आहे एवढं सांगू शकतं. दोन टेकड्यांतला फरक सांगता आला, तर ते माप कामाचं.

अलेक्झांडर ओवेच्किन बघा. तो बचावपटू नाही, फॉरवर्ड आहे, पण मुद्दा त्याच्यावरून नीट कळतो. २०१३-१४ च्या मोसमात त्यानं ५१ गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक. प्लस-मायनस? उणे ३५. लोक तुटून पडले: स्वार्थी आहे, मागे येत नाही, बचाव येत नाही. पुढच्या मोसमात ५३ गोल, आणि प्लस-मायनस अधिक १०. एका उन्हाळ्यात हा माणूस ४५ पायऱ्या चढला का? नवीन प्रशिक्षक आला होता, बॅरी ट्रॉट्झ, त्याचा काही परिणाम नक्की असेल. पण मुख्य गोष्ट अशी की या आकड्यात आपल्या गोलरक्षकानं किती अडवले आणि साथीदारांचे शॉट किती आत गेले, हे सगळं मिसळलेलं असतं. त्यातला बराचसा भाग एका मोसमापुरता निव्वळ नशिबाचा असतो. ओवेच्किनचे बरेचसे गोल पॉवर प्लेमधले, ते तर मोजलेच जात नाहीत. म्हणजे मोजमापाच्या नावाखाली भलत्याचाच हिशेब त्याच्या डोक्यावर.

यावर आकडेवाल्यांनी तोड काढली. गोल फार थोडे होतात. दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात साधारण सहा. पण गोलाच्या दिशेनं मारलेले शॉट मोजा. जाळ्यावर गेलेले, बाहेर गेलेले, मधेच अडवलेले, सगळे धरले तर शंभराच्या पुढे जातात. नमुना मोठा, म्हणून नशिबाचा वाटा कमी. या मापाला कोर्सी म्हणतात. जिम कोर्सी हे बफलो संघाचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. गोलरक्षकावर किती भार पडतो हे बघण्यासाठी ते असे सगळे शॉट मोजत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. पुढे शॉट कुठून मारला, किती अंतरावरून, कुठल्या कोनातून, यावरून तो आत जाण्याची शक्यता काढायला लागले. ते झालं एक्स्पेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल.

ही प्रगती खरी आहे. पॅट्रिस बर्जरॉनला सेल्की चषक सहा वेळा मिळाला, इतर कुणापेक्षाही जास्त. तो मैदानावर असताना समोरच्यांना शॉट मिळत नसत, हे आकडे वर्षानुवर्षं सांगत होते, आणि बघणारेही तेच सांगत होते. दोन्ही साक्षीदार एकच बोलत असतील, तर निवाडा सोपा असतो.

पण बचावपटूच्या बाबतीत गाडी पुन्हा अडते. ते खेळतात जोडीनं. समजा दोन बचावपटू मोसमभर एकत्रच आत जातात, एकत्रच बाहेर येतात. कोर्सी दोघांचा जवळपास सारखा येणार. त्यातला कोण वाहतोय आणि कोण वाहून नेला जातोय? शिवाय ही जोडी समोरच्या सर्वांत भारी आघाडीविरुद्ध उतरते, की दुय्यम आघाडीविरुद्ध? खेळ आपल्या जाळ्यापाशी सुरू होताना तिला पाठवतात, की समोरच्यांच्या? गणितानं हे वेगळं काढायचा प्रयत्न होतो, आणि बऱ्यापैकी जमतोही. पण जोडी कधीच फुटली नाही, तर गणितालाही सुगावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट. सगळे आकडे शुद्ध असतात, अशी एक समजूत आहे. एनएचएल १९९७-९८ पासून धक्के, हिसकावलेले पक, गमावलेले पक मोजते. कोण मोजतं? त्या त्या स्टेडियममध्ये बसलेला माणूस. धक्का कशाला म्हणायचं, हे त्याच्या नजरेवर. म्हणून एकाच खेळाडूला एका शहरात धक्के जास्त मिळतात आणि दुसऱ्या शहरात कमी. आकडा वाटतो, पण ती एका अनोळखी माणसाची नजरच आहे, फक्त सही नसलेली.

या सगळ्याची किंमत कुणीतरी मोजतं. अँड्र्यू मॅकडॉनल्ड हा बचावपटू २०१३-१४ मध्ये शॉट अडवणाऱ्यांत लीगमध्ये आघाडीवर होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियानं त्याला सहा वर्षांचा, तीन कोटी डॉलरचा करार दिला. दीडच वर्षानं, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्याला खालच्या लीगमधल्या संघात पाठवलं. सुरुवातीचा तो दुसरा प्रसंग आठवा. शॉट अडवायचा तर आधी शॉट मारला गेला पाहिजे. जो बचावपटू सतत आपल्याच भागात अडकलेला असतो, त्याच्याकडे अडवायला शॉट भरपूर असतात. मॅकडॉनल्डची हिंमत खोटी नव्हती. इतके शॉट अंगावर घेणं खायचं काम नाही. पण डोळ्याला ते शौर्य दिसलं, नोंदवहीनं त्यावर शिक्का मारला, आणि आधीचा प्रश्न कुणी पुरेसा विचारला नाही: पक इतका वेळ इथे का आहे? करार करणारे फसले, हे तर झालंच. पण खेळाडूलाही ज्या कामासाठी नावाजलं, त्याच कामानिशी खाली पाठवलं. त्यानं तर काही बदललं नव्हतं.

मग मार्ग काय? मला जो सर्वांत आश्वासक वाटतो, तो डोळा आणि आकडा या दोन्ही छावण्यांच्या मधून जातो. एरिक टल्स्की नावाचे गृहस्थ. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, हॉकीत हौशी. त्यांनी आणि काही साथीदारांनी सामने बसून बघितले. पण बघताना एकच ठरवलेली गोष्ट मोजली: समोरचा संघ निळी रेषा ओलांडून कसा आत येतो? पक ताब्यात ठेवून, की नुसता आत लोटून? त्यांना असं आढळलं की ताब्यात ठेवून आत आलं तर शॉट दुपटीहून जास्त मिळतात. लगेच बचाव मोजायची एक वाट सापडली. कुठल्या बचावपटूच्या बाजूनं समोरचे ताब्यासकट आत येतात, आणि कुणापुढे त्यांना पक लोटून द्यावा लागतो? मघाचा पहिला प्रसंग, तो रकाना नसलेला, त्याला रकाना मिळाला. पुढे कोरी श्नायडर यांनी असेच शेकडो सामने एकट्यानं, मागेपुढे करत बघून नोंदवले. टल्स्की २०२४ मध्ये कॅरोलायना हरिकेन्सचे सरव्यवस्थापक झाले.

आता सांगा, याला डोळा म्हणायचं की आकडा? माणसानं बघितलंय, म्हणजे डोळा. मोजलंय, म्हणजे आकडा. म्हणून सुरुवातीला म्हटलं की वाद चुकीच्या जागी आहे. खरा फरक आहे तो काय बघायचं हे आधी ठरवून, प्रत्येक वेळी सारखंच बघणं, आणि जे समोर येईल ते बघून मागाहून मत बनवणं, यांच्यातला. पहिल्या प्रकारचा माणूस वही घेऊन बसला काय किंवा न बसला काय, त्याचं मत ऐकण्यासारखं असतं. दुसऱ्यानं कितीही दशांश चिन्हं दिली, तरी तो अंदाजच.

तुम्ही म्हणाल, आता तर यंत्रं आली आहेत. बरोबर. २०२१ पासून पकमध्ये आणि खेळाडूंच्या जर्सीत सेन्सर असतात. २०२३ पासून त्यातली बरीच माहिती एनएचएल लोकांसाठी खुली करते. कोण कुठे होता, किती वेगात होता, हे आता कळतं. पण तो तिथे का होता, हे सेन्सरला कळत नाही. समजा प्रशिक्षकानं सांगितलंय की आपल्या माणसाला सोडू नकोस, तो जाईल तिथे जा. बचावपटू गेला. मागे जागा रिकामी झाली, ती भरायचं काम फॉरवर्डचं होतं, तो आला नाही. गोल झाला. नकाशावर ठिपका दाखवेल की बचावपटू जागेवर नव्हता. जाणता डोळा सांगेल की तो नेमका आपल्या जागेवर होता, चूक दुसऱ्याची. इथे मुरलेल्या प्रशिक्षकाच्या नजरेला पर्याय नाही. त्या नजरेचं खरं काम 'का' सांगायचं आहे. आपण तिच्याकडे 'किती' मागतो, म्हणून ती फसते.

शेवटी पुन्हा नॉरिस चषकाकडे येऊ. २०२३ मध्ये तो सॅन होजेच्या एरिक कार्लसनला मिळाला. १०१ गुण. १९९१-९२ मध्ये ब्रायन लीचनं शंभरी गाठली होती, त्यानंतर कुठल्याही बचावपटूला ते जमलं नव्हतं. प्लस-मायनस उणे २६, संघ तळाच्या काही संघांपैकी एक. बरीचशी चर्चा या दोन आकड्यांभोवतीच फिरली. समर्थक म्हणत १०१, विरोधक म्हणत उणे २६.

माझी तक्रार निकालाबद्दल नाही. कार्लसन जिंकला हे कदाचित योग्यच असेल. पक आपल्याकडे ठेवणं, तो अचूक बाहेर काढणं हाही बचावच आहे, कारण पक तुमच्याकडे असेल तर समोरचा शॉट मारणार कशानं? तक्रार आहे ती पुराव्याबद्दल. १९८४ च्या मतदारांकडे संघानं खाल्लेल्या गोलांपलीकडे फारसं काही नव्हतं, तरी त्यांनी बचावाला मोल दिलं. २०२३ मध्ये निळ्या रेषेच्या नोंदी होत्या, अपेक्षित गोल होते, सेन्सर होते. तरी भांडण झालं ते अर्ध्या शतकापूर्वीच्या दोन आकड्यांवर, आणि त्यातला एक तर बचाव मोजतच नाही. साधनं वाढली म्हणून टीका आपोआप सुधारत नाही. 'याला बचाव येत नाही' हे वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात, आणि बावीस वर्षांच्या एखाद्या पोराच्या कपाळावर ते दहा वर्षं राहतं. त्यामुळे ते म्हणणाऱ्याकडून थोडी मेहनत अपेक्षित आहे.

ती मेहनत तुम्हीही करून बघू शकता. पुढचा सामना बघाल तेव्हा एक बचावपटू निवडा. एक भाग, वीस मिनिटं, पककडे बघायचंच नाही, फक्त त्याच्याकडे. जमलं तर स्टेडियममध्ये, कारण टीव्हीचा कॅमेरा त्याला सोडून जातो. समोरचा हल्ला त्याच्या बाजूनं आला की एक खूण करा: ताब्यासकट आत आला, की लोटून दिला. मत कागदावर लिहा. आणि मगच त्याचे आकडे उघडा. जुळले तर छान. नाही जुळले, तर त्या फरकाचं कारण शोधायला पुढच्या सामन्याला बसा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.